आईंची बेटावरची यात्रा

३ नोव्हेंबर

वन्सं,

मी तुमची वहिनी. पत्र फाडण्याआधी एवढं वाचा: हे मला कोणी लिहायला लावलेलं नाही आणि तुमच्या भावाला याचा पत्ताही नाही.

काम धंद्याचं आहे. यांनी यंदा बेटाची यात्रा जाहीर करून टाकली. कड्यावरचा शंकर, गरम पाण्याची कुंडं, खाडीतली देवी, डोंगरावरचा कार्तिकेय, शिवाय राहायला समुद्रासमोरच्या खोल्या. बस जवळजवळ भरलीसुद्धा. आणि आता लक्षात आलं की तिथे आपल्या ओळखीचं चिटपाखरूही नाही. पूर्वी सगळं जुने मॅनेजर बघायचे. ते सोडून गेले. ऑफिसात आता मी बसते, आणि बेटाबद्दल मला जाहिरातीतल्या फोटोपलीकडे काही ठाऊक नाही.

म्हणून विचारते. देवळं दुपारी बंद असतात का? कड्यावर चढायला पायऱ्या किती उंच आहेत, धरायला काही आहे का? खाडीतल्या देवीला होडीने जावं लागतं म्हणे. होडीत चढताना फळी टाकतात की उडी मारायची? आमच्या यात्रेकरूंपैकी निम्म्यांना गुडघे नाहीत आणि उरलेल्यांना धीर नाही. तळमजल्यावरच्या खोल्या मिळतील असं ठिकाण सुचवा. कोणत्या दिवशी कुठे जावं तेही लिहा. मी कागदावर चार वेळा क्रम लावला आणि चारही वेळा आम्ही भर उन्हात बंद देवळासमोर उभे राहतो आहोत.

फोन नको. माझा फोन हे बघतात. उत्तर मुख्याध्यापिका बाईंच्या पत्त्यावर पाठवा. बाई तुमच्या शाळेतल्याच, निवृत्त झाल्यात आणि यात्रेला येणार आहेत. पत्र उघडणार नाहीत, एवढा भरवसा आहे.

आणखी एका यात्रेकरूचं नाव सांगायचं राहिलं. तुमच्या आई येताहेत.

अक्षर वाकडं आलंय. मनगट गाडीच्या दारात सापडलं.

तुमची वहिनी


२५ नोव्हेंबर

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. नमस्कार नाही, खुशाली नाही, नुसती माहिती. पण काय माहिती! सकाळच्या बोटीने येऊन पहिला दिवस विश्रांती, मग कुंडं, मग देवी, कडा शेवटी. होडीवाल्याला आधी सांगून ठेवलं की तो फळी आणतो. भावोजी आपल्या दोन्ही गाड्या देतील. मी एका बैठकीत सगळा कार्यक्रम लिहून काढला. यांना म्हटलं, तिथली एक एजन्सी मिळाली. 'स्वस्त आहे ना?' एवढंच यांनी विचारलं.

तुमचं पत्र मी आईंना दाखवलं. वाचलं नाही त्यांनी. अक्षरावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, 'अजून ळ उलटाच काढते.' मग भाजी निवडायला बसल्या आणि निवडलेली भाजी टाकून देठं ठेवली.

तुम्ही लिहिलंत की आईंना भेटाल, पण भावाचं तोंड बघणार नाही. कशाला बघाल? मी तेव्हा नवी नवरी होते. वरच्या खिडकीत उभी होते. भावोजी तुमचा हात मागायला आले आणि हे अंगणातून गाडीच्या जॅकचा दांडा घेऊन गेले. दांडा डोळ्यावर बसून भावोजी खाली पडले, तरीही हे थांबले नाहीत. तुम्ही मध्ये पडलात तेव्हा तुमच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मला वरपर्यंत आला. त्या डोळ्याने भावोजींना आता उजेडही कळत नाही, हे तुमच्या पत्रातून समजलं. मला वाटत होतं, बरा झाला असेल. तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

इकडचं सांगते. आपले आचारी आठवतात ना? यात्रेला अजून तेच येतात. परवा ऑफिससमोर सामान लावून बघत होतो. हे म्हणाले, एक शेगडी कमी करा. आचारी म्हणाले, 'शेठ, एका शेगडीवर एवढ्या माणसांचं व्हायचं नाही, म्हातारी माणसं ताटकळतील.' आचाऱ्यांचा हात डिकीच्या कडेवर होता. यांनी झाकण पाडलं आणि वरून दाबून धरलं. आचारी आधी ओरडले, मग ओरडायचेही थांबले. हे मला म्हणाले, 'दवाखान्यात ने. झाकण निसटलं म्हणून सांग.' मी तसंच सांगितलं. आचाऱ्यांनीही मान हलवली. दोन बोटं आता वळत नाहीत.

तुम्ही विचारलंत, मनगट खरंच दारात सापडलं का. वन्सं, दारच होतं. दार कोणी लावलं हे तुम्ही विचारलं नव्हतं.

वहिनी


१२ डिसेंबर

वन्सं,

घोळ झाला. तुमचा भाऊ स्वतः यात्रेला यायचं म्हणतोय. कधी नव्हे ते. इतकी वर्षं लोकांना बसमध्ये चढवून हात हलवत घरी यायचा. काल एकदम म्हणाला, 'बेट बघू या एकदा. समुद्रावर बसू.' मी म्हटलं, ऑफिस कोण बघेल? म्हणाला, 'तू.' म्हणजे मी इथे आणि तो तिथे, आईंबरोबर, तुमच्या गावात. माझी पाचावर धारण बसली.

मग मी बायकांचं कारण काढलं. म्हटलं, बायका जास्त आहेत, त्यांच्या दुखण्याखुपण्याला, खोल्यांना, रात्रीबेरात्रीच्या औषधाला बाई माणूस नको का? तुम्ही कुठे कुठे धावाल? बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'ये.' त्या बघण्याचा अर्थ मी अजून लावते आहे.

आता नीट वाचा. तुम्ही लिहिलंत की गरम कुंडांत बायकांच्या बाजूला उंच भिंत आहे आणि दाराशी बाई बसते, पुरुषाला आत सोडत नाहीत. मला तेवढंच हवं आहे. तुम्ही सकाळपासून आत येऊन बसा. मी आईंना घेऊन आत येते. तो बाहेर पुरुषांच्या कुंडात असेल किंवा झाडाखाली चहा पीत असेल. हवं तेवढा वेळ घ्या. कोणी विचारलं तर सांगू, आईंच्या गुडघ्यांना शेक बसतोय. लेकीलाही आणा. आजीला नात पाण्यातच भेटेल, दुसरं काय!

भावोजींनी मात्र त्या दिवशी गाडी चालवू नये. दुसरा ड्रायव्हर द्यावा. तुमचा भाऊ त्यांना ओळखेल. आपण केलेली खूण माणूस विसरत नाही.

आईंनी नातीसाठी स्वेटर विणायला घेतलाय. मी म्हटलं, 'आई, तिकडे बारा महिने घाम येतो, पोरगी स्वेटर घालून करणार काय?' त्या म्हणाल्या, 'मला दुसरं काही येत नाही.' लाल आहे. एक बाही झाली.

या वेळी खरं लिहिते. परवा त्याने माझं डोकं कपाटावर आपटलं. कारण आता आठवतही नाही, काहीतरी तिकिटांचं होतं. टाके पडले. डॉक्टरांना जिना सांगितला. ते म्हणाले, 'तुमच्या घरात जिने फार.' मी हसले.

वहिनी


२ जानेवारी

वन्सं,

मला बोलता येत नाही, डॉक्टरांनी कुजबुजायचीही मनाई केलीय. बाई माझ्या उशाशी बसून आहेत, पत्र त्याच टाकतील. तुमचा चुलतभाऊ तुम्हाला काहीबाही कळवण्याआधी माझ्याकडून ऐका.

परवा दुपारी आई खोलीत पिशवी भरत होत्या. रोज भरायच्या, रोज रिकामी करायच्या. तो अवेळी घरी आला. त्यांच्या मांडीवर स्वेटर होता. 'हा कोणासाठी?' त्याने विचारलं. सहज विचारलं असावं. आईंना खोटं बोलायचा सराव नाही. म्हणाल्या, 'नातीसाठी.'

'कुठली नात?'

मी स्वयंपाकघरात दूध तापवत होते. सगळं ऐकू येत होतं. मग तो माझ्याकडे आत आला.

'कधीपासून?'

'काय कधीपासून?' मी म्हटलं.

त्याने माझे केस धरून तोंड ओट्यावर आपटलं. पुढचा दात तिथेच पडला, मी तो पाहिला. 'मला बनवतेस? माझ्या पैशाने माझ्या आईला त्या आंधळ्याच्या घरी नेतेस?' मग भिंतीला टेकवून दोन्ही हातांनी गळा धरला. वन्सं, त्याने पूर्वी खूप मारलंय, पण मारताना तो दुसरीकडे बघायचा. या वेळी माझ्या डोळ्यांत बघत होता. मला कळलं, हा आता सोडणार नाही. दूध उतू जात होतं आणि मला वाटत होतं, गॅस बंद करायला हवा.

आई दारात आल्या. 'सोड, अरे सोड तिला,' म्हणत त्याचा शर्ट ओढत होत्या. त्याने कोपराने त्यांना ढकललं. त्या फडताळावर जाऊन आदळल्या. मग त्यांचा आवाज थांबला. मला वाटलं, बेशुद्ध पडल्या.

त्यांनी खलातला बत्ता उचलला होता. मागून डोक्यात घातला. त्याचे हात सुटले. तो वळला. रक्त कानावरून शर्टात जात होतं. लहान मुलाला नवल वाटावं तसा आईंकडे बघत म्हणाला, 'आई, तू?'

तेव्हा त्यांनी दुसऱ्यांदा मारलं. या वेळी समोरून.

तो पडला. मी भिंतीशी बसून श्वास शोधत होते. आईंनी आधी गॅस बंद केला. मग माझ्याजवळ येऊन पदराने माझं तोंड पुसलं. त्याच्याकडे गेल्या, डोकं मांडीवर घेतलं आणि मला म्हणाल्या, 'ॲम्ब्युलन्स बोलाव.' मला बोलता येत नव्हतं. शेवटी त्यांनीच फोन केला. पत्ता सांगितला, आणि म्हणाल्या, 'मी माझ्या मुलाला मारलंय.'

तो जिवंत आहे. शुद्धीवर नाही. एवढंच लिहवतं.

वहिनी


११ जानेवारी

वन्सं,

तो काल सकाळी गेला. शुद्धीवर आलाच नाही.

आई कोठडीत आहेत. मी रोज बाहेरच्या बाकावर जाऊन बसते. आत सोडतात तेव्हा त्या माझीच मान तपासतात. हिरवं पडलंय, म्हणजे उतरतंय, असं त्यांचं म्हणणं.

तुम्ही तारेसारखं एका ओळीचं विचारलंत, 'मी काय करू?' सांगते.

चुलतभाऊ पोलिसांना सांगत फिरतोय की सासूसुनेने संगनमत करून त्याला संपवला, धंदा हातात यावा म्हणून. माझ्या मानेवरचे वळ डॉक्टरांनी टिपून घेतलेत, ते आहेत. पण त्याआधीचं काय? दवाखान्यातल्या प्रत्येक कागदावर दार, जिना, ओलं न्हाणीघर. सगळं मीच सांगितलेलं. अधिकाऱ्याने विचारलं, 'तो नेहमी मारायचा म्हणता, मग एकदाही बोलला का नाहीत?' मला त्याच्या टेबलावरचा पेपरवेट फेकून मारावासा वाटला. लिहून दिलं, 'जगायचं होतं म्हणून.'

आणि आईंनी स्वतःच पायावर धोंडा पाडून घेतलाय. अधिकारी म्हणाला, 'पहिला वार समजतो, आजी. सुनेला सोडवायला मारलात. पण तो वळला होता, त्याचे हात खाली होते. दुसरा का?' वकील त्यांच्या तोंडावर हात ठेवायला धावले. त्यांनी वकिलांना बाजूला केलं आणि म्हणाल्या, 'पहिला सुनेसाठी. दुसरा लेकीसाठी.'

ते लिहून घेतलं गेलंय. वकील म्हणतात, या एका वाक्याने खटला उलटा फिरू शकतो. आता तो माणूस काय होता आणि तो हात खाली घेऊन उभा असला तरी त्याच्यासमोर असणं म्हणजे काय होतं, हे सांगणारं कोणीतरी हवं. आचारी काल स्वतःहून आले. मी बोलवलं नव्हतं. न वळणारी बोटं अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, 'झाकण निसटलं नव्हतं, साहेब.' त्यांचा जबाब झाला.

आता भावोजींचा डोळा हवा आणि तुमचा खांदा हवा. या घरात पाय ठेवणार नाही अशी शपथ तुम्ही घेतलीय, ठाऊक आहे. ज्याच्यामुळे घेतली तो आता घरात नाही. या. आई तुमच्याकडे यायच्या होत्या, त्यांना आता येता येत नाही.

यात्रेचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. मी सगळ्यांना रद्द म्हणून कळवायला बसले, तर बाई ऑफिसात येऊन खुर्चीत ठाण मांडून बसल्या. 'आम्ही जाणार. नेणार तू.' मी पाटीवर लिहिलं, 'लोक काय म्हणतील?' त्या म्हणाल्या, 'लोक बसमध्येच असतील. त्यांना विचारू.'

आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, 'जा. आणि कड्यावर त्याचं नाव घे. माझा मुलगा होता तो.'

मी मान हलवली. त्या क्षणी नाही म्हणायला मला आवाज नव्हता.

वहिनी


१९ फेब्रुवारी

वन्सं,

तुमच्याच स्वयंपाकघरात, तुमच्याच टेबलाशी बसून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही माझ्या घरात, मी तुमच्या. किल्ली शेजारणीने दिली. तिने आधी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. तुमच्या भिंतीवर भावोजींचा तरुणपणचा फोटो आहे, दोन्ही डोळे उघडे असलेला. मी त्याच्यासमोर बसू शकले नाही, खुर्ची फिरवून घेतली.

आईंना जामीन मिळाल्याचं कळलं. भावोजींनी अधिकाऱ्यासमोर काळा चष्मा काढला तेव्हा त्याने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं, असं वकिलांनी कळवलंय. खटला चालेल. किती वर्षं, देव जाणे. तोवर तुम्ही त्यांच्याजवळ आहात एवढं पुरे. बाही अजून एकच आहे म्हणालात. त्यांना सांगा, दुसरी करा, घाई नाही.

यात्रा नीट चाललीय. येताना बोटीत सगळे ओकले, फक्त आचारी सोडून. त्यांनी लिंबू कापून वाटलं, डाव्या हाताने. फळी होती. देवीच्या पुजाऱ्याने आमची वाट बघितली. खोल्या तळमजल्यावर आहेत आणि तरीही एका आजोबांनी समुद्र दिसत नाही म्हणून तक्रार केली.

कुंडांत गेलो ते सांगते. भिंत आहे, तुम्ही लिहिलं तशी. मी ओल्या लुगड्यात पायरीवर बसले, पदर मानेभोवती लपेटून. वाफेने तो सारखा सुटत होता. शेवटी मी ओढायचा सोडला. बायकांनी पाहिलं. बसमध्ये सगळ्यांना सगळं माहीत आहे, तरी गळ्यावर राहिलेले नखांचे व्रण बघणं वेगळं असतं. एकीने तांब्या भरून माझ्या मानेवर हळूच पाणी ओतलं. मग दुसरीने. मी रडले का माहीत नाही, तिथे सगळ्यांचीच तोंडं ओली असतात.

काल कडा झाला.

समुद्र खाली नुसता खडकांवर डोकं आपटत होता. वर उभं राहिलं की पायांखालून आवाज येतो. आमच्या माणसांनी एकमेकांचे हात घट्ट धरले होते. मला तिथे काय वाटलं ते लिहिते, कारण हे मी दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही. मला वाटलं, तो इथे यायला हवा होता. या कड्यावर, माझ्यासमोर, पाठ फिरवून. मी दोन्ही हातांनी ढकलला असता. आईंच्या हातून व्हायला नको होतं. ते माझं काम होतं, ते त्यांनी केलं, आणि आता शिक्षा भोगायची वेळ आली तर ती त्यांनी भोगायची. हा राग मला आत जाळत होता आणि मी हात जोडून रांगेत उभी होते.

पुजाऱ्याने माझ्या हातावर पाणी दिलं. 'कोणासाठी? नाव सांगा.'

आवाज आता थोडा आलाय. फाटका, पण येतो. मी आईंचं नाव सांगितलं.

'आणखी कोणी?'

आईंना मी मान हलवून कबूल केलं होतं. मी तोंड उघडलं. वन्सं, मी खरंच प्रयत्न केला. पण गळ्यावर ते अंगठे परत आले, जसेच्या तसे. पाणी बोटांतून गळून गेलं. पुजारी थांबून होता, मागे रांग थांबून होती.

तेव्हा बाई पुढे आल्या. त्यांनी माझ्या हाताखाली आपला हात धरला आणि त्याचं नाव घेतलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मोठ्याने, वर्गात हजेरी घ्यावी तसं. तोही त्यांच्याच वर्गात होता ना, तुमच्या आधी. नाव घेऊन त्या क्षणभर थांबल्या, पुस्तकावरून मान वर करून बाकांकडे बघावं तशा समुद्राकडे बघत. सवयीने असेल. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, 'चला, पुढे व्हा, मागची माणसं उन्हात आहेत.'

मी त्यांना थांबवलं नाही.

आई विचारतील. त्यांना सांगा, कड्यावर त्याचं नाव घेतलं गेलं, मोठ्याने, पूर्ण. कोणी घेतलं असं विचारलं, तर बाईंनी म्हणून सांगा. मी घेतलं असं मात्र सांगू नका. त्यांना बरं वाटावं म्हणूनसुद्धा नको.

तुमची वहिनी